मध्यंतरानंतर सभागृह बदलले ते कशामुळे?

रामबागकर, इंदूर

नमस्कार मंडळी.

गेल्या महिन्यात आमच्या मंडळाने येथे एका ज्येष्ठ कलावंताची मैफल ठेवली होती. स्वतः लिहिलेली आणि स्वतःच चाल लावलेली गाणी ते गेली चाळीसएक वर्षे गात आले आहेत. वयाची सत्तरी त्यांनी ओलांडली आहे. त्यांना विचारलेले नसल्यामुळे नाव लिहीत नाही. शिवाय माझा प्रश्न त्यांच्या गाण्याविषयी नसून आम्हां आयोजकांविषयी आणि श्रोत्यांविषयी आहे.

पूर्वार्धात सत्तर मिनिटांत आठ गाणी झाली. आवाज लागलेला होता, साथीदार तयारीचे होते, ध्वनिव्यवस्थेत खरखर नव्हती, तिकिटेही सगळी गेलेली होती. तरीही प्रत्येक गाण्यानंतर टाळ्या वाजत त्या रीत म्हणून वाजत आणि एकदमच थांबत. मी विंगेत उभा होतो. गाणे संपले की ते क्षणभर समोरच्या काळोखात पाहत, काही बोलावे असे त्यांच्या चेहऱ्यावर येई, तोवर निवेदिका पुढच्या गाण्याचे लिहून आणलेले पान वाचू लागत आणि ते पुन्हा पेटीच्या पट्ट्यांकडे वळत. निवेदिकांचा यात काही दोष नाही, कारण ती पाने आम्हीच लिहून दिली होती आणि सगळी वाचावीत असा आग्रहही आमचाच होता.

मध्यंतरात चहा घेताना ते एवढेच म्हणाले, "उत्तरार्धात मीच बोललो तर चालेल का? आणि समोरचे दिवे थोडे लावता आले तर बघा. मला माणसं दिसत नाहीत." आम्ही दोन्ही गोष्टी मान्य केल्या.

त्यानंतरच्या दुसऱ्याच गाण्यात, दुसऱ्या अंतऱ्याच्या तोंडाशी ते अडले. शब्द आठवेना. पेटीवरचा हात चालू ठेवून त्यांनी धृपदाची ओळ दोनदा फिरवली, तिसऱ्यांदा फिरवताना डोळे मिटून घेतले, आणि तेवढ्यात सहाव्या रांगेतून एका वृद्ध बाईंनी तो शब्द सांगितला. सुरात नव्हे, घरात कोणाला चष्मा कुठे ठेवला आहे ते सांगावे, तसा नुसता उच्चारला. गायकांनी पेटीचा भाता थांबवला, तबलाही थांबला. हात जोडून त्यांनी विचारले, "कुठे ऐकलंत हो हे?" बाई म्हणाल्या, "आमच्याकडे कॅसेट होती. धाकट्याच्या बारशाला हीच लावली होती."

तेव्हा त्यांनी सांगितले की, वहीत त्या जागी मुळात दुसरा शब्द होता, पण तो लांब असल्यामुळे ओळीच्या शेवटापर्यंत दम पुरत नव्हता आणि ध्वनिमुद्रणाच्या दिवशी तो बदलावा लागला. "इतकी वर्षं मी तुम्ही म्हणालात तोच शब्द गात आलो. आज का कोण जाणे, वहीतला आठवला आणि दोघांच्या मध्ये अडकलो." मग त्यांनी दोन्ही ओळी एकापाठोपाठ गाऊन दाखवल्या आणि कोणती ठेवावी असे विचारले. बहुतेकांनी कॅसेटमधली सांगितली, मागच्या बाजूने दोघा-तिघांनी वहीतली. "मग आज एकदा वहीतली गातो," असे म्हणून त्यांनी अंतरा पुरा केला, आणि त्या लांब शब्दावर खरोखरच दम तुटला, तेव्हा सभागृहातून जी दाद आली तशी पूर्वार्धातल्या आठ गाण्यांत मिळून आली नव्हती. तेथून रात्री साडेदहापर्यंत कोणी जागचे हलले नाही.

माझा प्रश्न असा आहे. पूर्वार्धातला तो दुरावा आमच्या मांडणीमुळे आला, की कोणत्याही मैफलीला इतका वेळ लागतोच? उत्तरार्धात जे घडले ते एका विसरलेल्या शब्दाच्या योगाने घडले; असा योग ठरवून आणता येत नाही हे मला कळते. तथापि त्याला वाट मोकळी राहील अशी व्यवस्था तरी करता येते का? पुढच्या वर्षी त्यांना पुन्हा बोलवायचे आहे, म्हणून अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे ही विनंती.

तबलासंगत

रामबागकर, मी पंचवीस वर्षे भावगीतांना आणि गझलांना साथ करतो आहे, त्यामुळे व्यासपीठावरून जे दिसते तेवढेच लिहितो.

दिव्यांची गोष्ट त्यांनी अगदी योग्य सांगितली. तोंडावर प्रखर झोत आणि समोर अंधार असला की गायकाला श्रोता ऐकू येतो तो फक्त टाळ्यांतून, म्हणजे गाणे संपल्यावर. गाणे चालू असताना मिळणारी दाद ही मान हलण्यात, पुढे सरकून बसण्यात, शेजारच्याच्या हातावर हात ठेवण्यात असते आणि ती डोळ्यांनीच घ्यावी लागते. नाटकाला अंधार हवा असतो, कारण तेथे नटाने प्रेक्षक नाहीत असे मानायचे असते. गाण्याच्या मैफलीला नाटकाची प्रकाशयोजना आपण का लावतो, हे मला आजवर उमगलेले नाही.

दुसरी गोष्ट पट्टीची, म्हणजे गायक पेटीच्या ज्या सुराला सा मानून गातो त्याची आहे आणि तिचा उल्लेख कोणी करत नाही. तरुणपणी काळी दोनमध्ये, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीवर सा धरून, गाणारा गायक सत्तरीनंतर पांढरी एकवर येतो, म्हणजे दीड स्वर खाली. पेटीवाल्याने सा बदलला की त्याचे काम झाले. तबल्याचे तसे नसते. काळी दोनला छान बोलणारा तबला तेवढा उतरवला तर त्याचा आवाज बसतो, म्हणून मोठ्या तोंडाचा दुसरा तबला न्यावा लागतो, आणि बासरीवाल्याला तर बासरीच बदलावी लागते. श्रोत्यांच्या बाबतीतही असेच काहीसे होते. त्यांच्या कानात कॅसेटमधली पट्टी बसलेली असते. तेच गाणे खालच्या पट्टीत सुरू झाले की पहिली काही मिनिटे ते ऐकत नसतात, ताडून पाहत असतात. तुमच्याकडे पूर्वार्धात जो दुरावा जाणवला त्यातला मोठा भाग हा असावा, असे मला वाटते. अशा वेळी गायकाने "आता आवाज इथे बसतो, इथूनच ऐका" असे एक वाक्य प्रारंभीच सांगितले, तर ती तुलना तेथेच मिटते. पण ते वाक्य निवेदकाने सांगून चालत नाही.

टाळ्यांच्या ठेक्याविषयी आयोजकांना एक कळकळीची विनंती करतो. "सगळ्यांनी टाळ्या वाजवा" असे सांगून जवळीक निर्माण होते असा अनेकांचा समज आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर असतो. शेवटची रांग व्यासपीठापासून 35 मीटरवर असेल तर आमचा ठेका तेथे पोहोचायला एक दशांश सेकंद लागतो आणि त्यांची टाळी परत आमच्यापर्यंत यायला आणखी तेवढाच. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची असते. म्हणजे मागची टाळी आमच्या कानावर येते तेव्हा मात्रेचा दोन पंचमांश भाग उलटून गेलेला असतो. पाचशे माणसे अशी मागून ओढू लागली की लय हळूहळू मंदावते आणि ती सावरताना आम्हांला समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, घाव घालत राहावे लागते. मग शब्द कोणी ऐकायचे? ज्याने शब्द स्वतः लिहिले आहेत त्याला हे सर्वांत अधिक लागते.

जुनी श्रोती

रामबागकर आणि तबलासंगत, आपण दोघांनीही मनापासून लिहिले आहे, पण माझे मत थोडे वेगळे आहे. पूर्वार्ध वाया गेला असे आपण समजू नये.

देवासहून कुमार गंधर्व इंदुरात गायला येत तो काळ माझ्या पिढीला आठवतो. 1948 पासून ते देवासला राहिले, म्हणजे आपल्यापासून जेमतेम 35 किलोमीटरवर. तानपुरे जुळवण्याच्या बाबतीत ते किती काटेकोर होते हे सर्वश्रुत आहे, आणि तो वेळ श्रोत्यांनी कधी वाया गेलेला मानला नाही, कारण त्या जुळवण्यात आपलेही कान जुळत असत. शब्दप्रधान गाण्याच्या मैफलीत तानपुरे जुळवण्याचा तो अवकाश उरलेला नाही. पडदा उघडतो आणि तिसऱ्या मिनिटाला मुखडा सुरू होतो. मग ते जुळणे पहिल्या चार-पाच गाण्यांत व्हावे लागते. आपल्या पाहुण्यांची आठ गाणी त्या कामी आली. बाईंनी शब्द सांगितला तो नवव्या-दहाव्या गाण्याला. पहिल्याच गाण्यात ते अडले असते तर त्याच बाई गप्प बसल्या असत्या आणि सभागृह अवघडून गेले असते, असे मी खात्रीने सांगते.

भावगीत मोठ्या जनसमुदायासमोर नेले ते गजाननराव वाटव्यांच्या पिढीने. सभागृहे, झोत आणि निवेदन हे सगळे पुष्कळ नंतरचे; गणेशोत्सवाच्या मांडवात पेटी घेऊन बसायचे आणि कविता लोकांना कळेल अशी गायची, हे त्यांचे काम. यशवंत देवांनी पुढे 'शब्दप्रधान गायकी' हा शब्द रूढ केला. ते स्वतः कवी, संगीतकार आणि गायकही होते, म्हणून त्या शब्दाला अनुभवाचे वजन आहे. 'गीतरामायण' 1 एप्रिल 1955 रोजी पुणे आकाशवाणीवर सुरू झाले तेव्हा त्यातली गाणी वेगवेगळ्या गायकांनी गायली, परंतु पुढे रंगमंचावर सुधीर फडके एकटेच ती गात असत. छप्पन गाण्यांच्या चाली बांधणारा माणूस स्वतः पुढ्यात बसून गातो, तेव्हा श्रोत्याला गाण्याबरोबर आणखी काहीतरी मिळते. ते काय हे शब्दांत सांगणे अवघड आहे. आपल्या पाहुण्यांनी वहीतली ओळ उघड केली त्यात ते होते. चालीतला अमुक स्वर का घेतला आणि अमुक शब्द का टाकला, हे फक्त तोच सांगू शकतो ज्याने ते केले. दुसऱ्या कोणी सांगितले की त्याची माहिती होते.

मात्र श्रोत्याने आपली जागा ओळखावी असेही मला वाटते. हल्ली प्रत्येक मुखडा सभागृहाने म्हणायचा अशी चाल पडली आहे. मी ज्यांना ऐकायला गेले त्यांचा आवाज मला शेजारच्या खुर्चीतून ऐकायचा नसतो. त्या बाईंनी शब्द सांगितला आणि त्या पुन्हा गप्प झाल्या, यातच त्यांचे ऐकणे किती खोल होते ते कळते. आपल्या शहराने रामुभैया दात्यांची आठवण एक मोठा रसिक म्हणून जपली आहे, आणि येथील सानंद या सांस्कृतिक संस्थेच्या श्रोत्यांच्या एका समूहाला त्यांचे नाव आहे. ऐकणाऱ्याला एवढा मान क्वचितच कुठे मिळाला असेल. त्यांचे पुत्र अरुण दाते इंदुरात जन्मले. ते स्वतः कवी वा संगीतकार नव्हते, पण मंचावर आधी कवीला, मग संगीतकाराला आणि शेवटी गायकाला श्रेय देण्याचा त्यांचा शिरस्ता होता. निवेदन लिहायचेच असेल तर तेवढेच लिहावे.

महूवाला

जुनी श्रोतीताई, आपला आदर राखून एक वेगळी परंपरा येथे मांडावीशी वाटते, कारण स्वतः लिहून स्वतः गाणाऱ्यांविषयी बोलताना ती बाहेर राहून चालणार नाही.

वामनदादा कर्डक (1922 ते 2004) हे कवीही होते आणि गायकही. गावोगाव फिरून त्यांनी बाबासाहेबांचा विचार गाण्यांतून पोहोचवला. बाबासाहेबांचा जन्म आमच्या महूचा, 14 एप्रिल 1891 चा, त्यामुळे दरवर्षी 14 एप्रिलला येथे महाराष्ट्रातून हजारो लोक येतात आणि रात्री ठिकठिकाणी गायन चालते. तेथे श्रोत्याने मुखडा म्हणणे हा आगाऊपणा नसतो. गायक आधी संथपणे, ठेक्याशिवाय दोन-चार ओळी म्हणतो, ढोलकी थांबलेली असते, आणि मग मुखड्यावर ढोलकी पडते तेव्हा मागचे साथीदार ओळ उचलतात आणि त्यांच्यामागून समोरची माणसे. ओळ लोकांनी उचलली नाही तर गाणे अपुरे राहिले असे तेथे मानतात. एखादी आजी उठून दहा रुपयांची नोट गायकाच्या हातात देते, गायक गाणे थांबवून तिचे नाव घेतो आणि त्याच ओळीवरून पुन्हा सुरू करतो. गाणे तुटले असे कोणालाही वाटत नाही.

तबलासंगत म्हणतात तो लयीचा प्रश्न तेथेही येतो, पण माणसे खाली सतरंजीवर, जवळजवळ आणि अर्धगोलात बसलेली असल्यामुळे तो फारसा जाणवत नाही. म्हणून रामबागकर, मला वाटते की श्रोत्यांनी गावे की गप्प राहावे यापेक्षा ते किती जवळ बसले आहेत, हे आधी पाहावे. पहिल्या दोन रांगा सत्कारमूर्तींसाठी आणि देणगीदारांसाठी राखून ठेवतात आणि त्या निम्म्या रिकाम्या राहतात, हे मी अनेक कार्यक्रमांत पाहिले आहे. गायकाच्या डोळ्यांसमोर सर्वांत जवळ असतात त्या रिकाम्या खुर्च्या. त्या बाई सहाव्या रांगेत होत्या म्हणून त्यांचा आवाज वर पोहोचला. विसाव्या रांगेत असत्या तर?

तिसरी पिढी

मी त्या मैफलीला होते, आजीला घेऊन गेले होते. माझे शिक्षण हिंदीत आणि इंग्रजीत झाले. मराठी घरात बोलते, पण कवितेतले कितीतरी शब्द मला लगेच कळत नाहीत. पूर्वार्धात माझ्यासारखे अनेकजण टाळ्या वाजवत होते ते चाल आवडली म्हणून. निवेदनात गाण्याला कोणता पुरस्कार मिळाला आणि ते कोणत्या साली गाजले हे कळले, पण गाणे कशाविषयी आहे ते कळले नाही.

दोन शब्दांपैकी कोणता ठेवावा असे त्यांनी विचारले, तेव्हा त्या ओळीचा अर्थ मला पहिल्यांदा नीट लागला, कारण दोन्ही शब्द शेजारी शेजारी ऐकल्यावर त्यांच्यातला फरक कळला. मागून "वहीतला" असे म्हणणाऱ्यांत मीही होते. संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांचा 'आयुष्यावर बोलू काही' हा कार्यक्रम 2003 पासून चालू आहे, आणि माझ्या वयाच्या मुलामुलींना तो जवळचा वाटतो याचे एक कारण हेच की, कवी स्वतः समोर असतो आणि कवितेविषयी साध्या भाषेत बोलतो.

एक सुचवते. ज्या गाण्यांत अवघड शब्द असतील त्यांचे बोल एका कागदावर छापून दाराशी ठेवावेत, अर्थात कवीला विचारूनच. दिवे थोडे लावलेले असतील तर ते वाचताही येतील. जुनी श्रोतीताईंना कदाचित हे आवडणार नाही, कारण माणसे गायकाकडे न पाहता कागदाकडे पाहतील. पण आज ती फोनकडे पाहतात, आणि त्या उजेडाचा त्रास मागच्या सगळ्यांना होतो.

जुनी श्रोती

कागद अवश्य ठेवावा, बाळ. फक्त तो मैफलीच्या आधी वाचायला मिळावा, म्हणजे गाणे सुरू झाल्यावर मान वर राहील.

रामबागकर, इंदूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल मंडळाच्या बैठकीत हा धागा वाचून दाखवला आणि काही गोष्टी ठरल्या. सभागृहातले दिवे पूर्ण मालवायचे नाहीत. निवेदन फक्त सुरुवातीला, पाच मिनिटांचे, आणि त्यात कवी, संगीतकार व साथीदार यांच्या नावांपलीकडे काही नाही. पुढचे सगळे गायकांवर सोडायचे. पहिल्या रांगा राखीव ठेवायच्या नाहीत, आणि ठेवल्याच तर सुरुवातीची घंटा झाल्यावर मागच्यांना पुढे बोलवायचे. टाळ्यांच्या ठेक्याविषयी तबलासंगत यांनी मांडलेले गणित ऐकून आमच्या कार्यवाहांनी तो आग्रह स्वतःहून सोडला. सतरंजीच्या बैठकीवर मात्र एकमत झाले नाही, कारण आमचे निम्मे सभासद गुडघ्यांमुळे खाली बसू शकत नाहीत. व्यासपीठासमोर दोन सतरंज्या आणि मागे खुर्च्या असा मध्यममार्ग महूवाले सुचवतील का, हे विचारायचे राहिले होते.

पट्टीचा मुद्दा मी गायकांनाच दूरध्वनीवर विचारला. त्यांनी तो तत्काळ मान्य केला. पूर्वी ते काळी दोनमध्ये गात, आता पांढरी एकमध्ये गातात आणि पहिल्या तीन-चार गाण्यांत लोक जुना आवाज शोधत असल्याचे त्यांना नेहमीच जाणवते, असे ते म्हणाले. ते वाक्य प्रारंभीच बोलून टाकायला ते तयार आहेत.

त्यांनी एक काम मात्र माझ्यावर सोपवले आहे. त्या अंतऱ्याच्या दोन्ही ओळी, वहीतली आणि कॅसेटमधली, स्वतःच्या अक्षरात एका कागदावर लिहून त्यांनी टपालाने पाठवल्या आहेत आणि तो कागद सहाव्या रांगेतल्या बाईंना द्यावा असे कळवले आहे. त्या रात्री गर्दीत त्यांचे नाव विचारायचे राहून गेले. फिकट जांभळ्या रंगाचे नऊवार लुगडे होते, बरोबर एक मध्यमवयीन गृहस्थ होते, आणि ते लोकमान्यनगरच्या मंडळींबरोबर आले असावेत असे दारावरचे स्वयंसेवक सांगतात. कोणी त्यांना ओळखत असल्यास त्यांच्यापर्यंत माझा निरोप पोहोचवावा. कागद माझ्याकडे जपून ठेवलेला आहे.